अकरा-ब

भाद्रपदातला रविवार. कोरचीच्या पलीकडे,
नाल्याच्या उजव्या काठाला, दोन दगडांच्या फटीत
तो उभा होता. हात-दीड हात उंच.
नेचा आहे, एवढं मला कळलं.
वीस वर्षं फळ्यावर नेचा काढलाय मी,
खडूनं, एका दमात,
पण तो पुस्तकातला. तो कुठंच उगवत नाही.

झुनकीनं पान उलटं केलं आणि हात मागं घेतला.
"बाई, याले रोग लागला."
खालच्या अंगाला तपकिरी टिंबं, दोन-दोन रांगांत,
कुणी मोजून टाचल्यासारखी.
रोग नाही गं, बी आहे त्याचं. बी नाही, बीजाणू.
फूल न येता चालवलेला संसार.
ती म्हणाली, "मंग फुलाचा खर्च वाचला."

दगडावर फतकल मारून मी पुस्तक उघडलं.
ओळखीची किल्ली. दर पायरीला दोन दारं.
पान एकदा विभागलेलं की दोनदा?
दोनदा. चारला जा.
टिंबं कडेला की शिरेवर?
शिरेवर. सातला जा.
टिंबावरचं झाकण गोल की मूत्रपिंडासारखं?
भिंग धरलं, श्वास धरला,
डासानं मान धरली.
मूत्रपिंडासारखं. बहुतेक. अकराला जा.

अकरा-अ: बुडाशी खवले काळे, चकचकीत.
अकरा-ब: बुडाशी खवले फिके, केसाळ.

म्हणजे उपटावा लागणार.

चपला हातात घेऊन मी वळणापर्यंत जाऊन आले,
वरच्या अंगाला, खालच्या अंगाला.
दुसरा नव्हता.

तेवढ्यात मानकुबाई आली, पदरात सात्या बांधून.
विचारलं, याला काय म्हणता तुम्ही?
तिनं मला पाहिलं, पुस्तकाला पाहिलं, मग त्याला.
"खात नाई. लावत नाई. ढोरंबी तोंड घालत नाई.
मंग नाव कायले ठेवा?"
आणि चार पावलं गेल्यावर, मागं वळून,
"पन हा हाय तिथला झिरा आटत नाई.
उनाळ्यात याच्या बुडात हात घालूनच तं पानी काढतो."

बुडात? मी उठलेच.
हाताला काय लागतं तिथं?
तिनं बोटं एकमेकांवर चोळली, चैत्र आठवत.
"केसं लागते. मऊ.
बुढ्याच्या कानातल्यावानी."

अकरा-ब.

अकरा-ब म्हणतं, बाराला जा.
बारा म्हणतं, नमुना मुळासकट वाळवून
तज्ज्ञांस दाखवावा.

मी टोकाकडची एकच पर्णिका खुडली.
ठेवायला काही नव्हतं, पिशवीत हजेरीपट होता.

सोमवारी, प्रार्थना झाल्यावर, पट उघडला.
पर्णिका आक्रसलेली,
पण कागदावर तपकिरी धुळीत ती अख्खी होती,
शिरेच्या दोन्ही बाजूंनी,
हलामीपासून होळीपर्यंत, चार नावांच्या चौकटींवर.
पंखा बंद करा रे.
खिडकीपण.
नावं घेत गेले, हळू,
त्या चारांपाशी तोंड बाजूला वळवून.
"हजर, बाई," झुनकी म्हणाली.
पेन टेकवलं नाही.

त्या चौकटी अजून कोऱ्या आहेत.
केंद्रप्रमुखांनी समासात
लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलंय,
वरून वळलेलं,
कोवळ्या नेच्यासारखं.