वळण

तीन वेळा लाल, मग गप्प.
चार्जरची ही भाषा मला येत नाही.
स्कूटर अकरा टक्क्यांवर उभी,
आणि खानापुरात श्रावण म्हणजे
भिंतीलाही घाम.

मल्लेशी आला. आधी मेन पाडला.
"हात लावू नका बाई,
वाळल्यागत दिसतंय, वाळलेलं नसतंय."
चार स्क्रू. झाकणाआड
चमचाभर पाणी, एक मेलेला मुंगळा,
तांब्यावर हिरवा कळंक,
न घासलेल्या पळीसारखा.

म्हटलं, वर पत्रा तर घातलाय की.
तो हसला.
पाणी वरून पडलंच नव्हतं;
गच्चीतल्या पाइपातून,
केबलचं बोट धरून
सरळ घरात.

मेगरचा काटा शून्यावर.
"होयतु," म्हणाला.
तेवढं कन्नड मला कळतं.
नवा बोर्ड हुबळीहून. आठ दिवस.

निघताना कानावरची पेन्सिल काढून
भिंतीवर एक पाळणा रेखला:
"वायर आधी खाली सोडायची,
मग वर घ्यायची.
इथं येऊन पाणी दमतंय,
गळून जातंय."

आठ दिवस साडेसातची जांबोटी बस,
ओली छत्री मांडीवर.

गणपतीआधी रंगारी आला.
त्याला म्हटलं, सगळी भिंत काढ,
तेवढं वळण सोड.