त्रिज्या

अजून काहीच झालेलं नाही.
हे आधी सांगतो, कारण मंगळवारी
ग्रामपंचायतीच्या भिंतीला मी नकाशा लावला तेव्हा
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
कितल्या मरन्यात?
एकही नाही. ही रंगीत तालीम आहे.

लाटीपाड्याच्या पाण्यावर थापट्या उतरलेत,
चक्रवाक आलेत जोडीजोडीनं,
कुठल्या देशातून, पायाला काय लावून,
कुणी बघितलंय.

मुलीच्या पेटीतला कंपास मी सोबत आणला होता.
टोक हिलाल आप्पांच्या शेडवर टेकवलं
आणि एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं.
माझ्याच शेडवर का?
समजा, मी म्हणालो.
समजा म्हटल्यावर त्यांची सहा हजार पाखरं घाबरली नाहीत,
आप्पा घाबरले.

तडवी मॅडम तालुक्याहून आलेल्या.
त्यांचं गणित सरळ.
वर्तुळात जेवढे पंख तेवढे संपवायचे,
खड्डा, चुना, माती,
रस्त्याला आडवा बांबू, बाजार बंद.
दया दाखवाल तर दहा गावं जातील.
आप्पा उसळले, आग लागल्यावर बंब मोजता,
आधी पाण्याचं बोला!
जाळी द्या, शेडमध्ये कावळे घुसतात.
खाद्याच्या ट्रकची चाकं धुवायला पंप द्या.
आणि लस का नाही, तेवढं सांगा.
मॅडमनी सांगितलं.
लस टोचलेली कोंबडी मरत नाही कदाचित,
पण आजार अंगात घेऊन गप्प फिरू शकते,
आणि गप्प कोंबडी मेलेल्या कोंबडीपेक्षा वाईट.
बाकं हसली. मग हसायची थांबली.

मी दोघांचंही लिहून घेत होतो.
चोवीस वर्षं झाली नोकरीला, मला दोघांचंही पटतं.
एकदा, दुसऱ्या तालुक्यात,
मी पोत्यांची तोंडं बांधली होती.
पोतं बराच वेळ गरम राहतं.
हे मी सभेत बोललो नाही.

तेव्हा केवळबाई उठली.
मोतीबिंदू झालेला, नकाशाला नाक लावलं.
मन्हं घर कोठे शे?
मी तिथं बोट ठेवलं.
पेन्सिलीची रेघ नेमकी परसातून गेलेली,
चूल आत, निंब बाहेर.
भाऊ, ती म्हणाली,
मन्ही कोंबडी अंडं देवाले घरमा येस,
रातले निंबवर बठस.
मंग ती आत शे का बाहेर?

मॅडमनी पेन्सिल उचलली, परत ठेवली.
नियमात घर असतं. झाड नसतं.
आत धरा ना, कुणीतरी सुचवलं, भरपाई मिळेल.
ती म्हणाली, भरपाई अंडं देस का?

दुपारून तालीम झाली.
पोरांनी भुशाची पोती खड्ड्यापाशी रचली,
एक पोतं म्हणजे दहा कोंबड्या.
चुना कमी पडला.
पाय बुडवायच्या घमेल्यातलं औषधाचं पाणी
एक शेळी हुंगून गेली.
हेही अहवालात आहे.

अंधार पडताना निंबाखालून गाडी काढली.
वर काहीतरी अंग फुगवून बसलेलं.
हॉर्न दिला नाही.

घरी नकाशा गुंडाळताना दिसलं,
कंपासचं टोक आरपार गेलंय.
मागच्या कागदावर, भलत्याच गावात,
बारीक भोक.

अहवालात रकाना होता, आत की बाहेर.
मी लिहिलं, निंबावर.
मॅडमनी लाल शाईनं विचारलंय,
म्हणजे?

अजून उत्तर दिलेलं नाही.