खासवाडीत माचिस

भाच्यानं दुबईहून आणलेलं ते,
पेनाएवढं, रात्री मोबाइलशेजारी चार्ज होतं.
चव काय, तर हापूस.
दांडिया बाजारच्या गल्ल्यावर रमणिकभाई अजून
मला बघून पाकिटाकडे हात नेतो,
मग नुसतंच, "केम, साहेब?"

चार महिने झाले.
खिशाच्या शिवणीत आता तंबाखूचा भुसा नाही,
नखावरचा पिवळा डाग तेवढा
नखाबरोबर वर सरकत कापला जातोय.

आज दिगू घोरपडे गेला.
एकही कधी ओढली नाही त्यानं.
सूरसागरच्या कठड्याला टेकून
तीस वर्षं माझ्या धुरात उभा राहिला,
मोजत. "सातवी हं ही."

लाकडं रचून झाली, तूप झालं,
गुरुजी म्हणाले, माचिस कोणाकडे?
आणि सगळे, अगदी त्याची बायकोसुद्धा,
माझ्याकडे बघायला लागले.

हात खिशात गेलाच.
हाताला लागलं ते गार, गुळगुळीत,
टोकाशी निळा दिवा.

रिक्षावाल्यानं दिली शेवटी.
मुलाच्या तीन काड्या वाऱ्यानं नेल्या.
आण इकडे, म्हटलं.
वाऱ्याकडे पाठ केली, ओंजळ केली.
हातांना येत होतं अजून.