मुका र

शब्दकोश म्हणतो, व्युत्पत्ती संदिग्ध.
म्हणजे साक्षीदार फुटला.

तरी एक जबानी आहे, कुणी न नोंदवलेली,
लेमेंटिना बकलंडची.
केंट परगणा, हॉप्सचा मळा, सप्टेंबर संपत आलेला,
वेलींच्या चिकानं बोटं काळी.
बांधाला चार गाड्या, सहा घोडी
आणि एक शिंगरू,
ज्याच्याबद्दल कुणी काही विचारू नये.

तिन्हीसांजेला एक गिऱ्हाईक आलं.
बूट फार नीट पुसलेले.
दात न बघताच घोडीची किंमत विचारली,
तेव्हा पोरंसुद्धा हसली.
त्याला टिनाच्या मगात चहा दिला,
लंगडी घोडी दाखवली.
गेला बिचारा.

"बूट दिसतात," लेमेंटिना म्हणाली,
"दिसतं त्याला काय भ्यायचं?"
आणि विस्तवापलीकडे बसलेल्या भाच्याकडे,
प्लेटोकडे, मुळीच न बघता
तिनं चेहऱ्याच्या मधोमध बोट टेकवलं.
म्हणाली, नाक.

हो, नाकच. तिच्या रोमानीतही तेच.
शेकडो वर्षं चालत आलेली माणसं,
वाटेत देव टाकले, धान्यं टाकली,
आजोळाचं नावही सांडलं कुठंतरी,
पण पाणी पाणीच ठेवलं, कान कान,
आणि हे हुंगणारं हाडूक.

सगळे हसले. प्लेटो हसला नाही.
तेवढंच चुकलं त्याचं.
पहाटे त्याची पथारी थंड होती
आणि शिंगरू न्यायला आलेल्या शिपायांना
वाट विचारावी लागली नाही.

मेडस्टनच्या तुरुंगात लेमेंटिनाचा नवरा, ईसॉ,
तो एकच शब्द घोकत राहिला रात्रभर.
भिंतीपलीकडे लंडनचा एक पाकीटमार होता.
त्यानं तो सुटताना बरोबर नेला,
आणि पुढे कुणीतरी लिहून घेताना
त्यात एक र घातला
जो ईसॉ कधी म्हणालाच नव्हता.
लंडनकरही म्हणत नाहीत.
कागदावर उभा, तोंडात गैरहजर,
शब्दात शिरून गप्प बसलेला
साध्या वेषातला र.

मग समुद्र ओलांडल्यावर
अमली पदार्थांच्या खात्यानं त्याला दत्तक घेतलं.
शेवटचं अक्षर बदललं,
नवा जन्मदाखला, बाप म्हणून
गुंगी आणणारा एक ग्रीक शब्द.
डेट्रॉइटच्या नाक्यावरची पोरं
तो दिसला की शिट्टी घालतात.
त्यांना वाटतं, तो तिथलाच.

कुणी म्हणतं, हे सगळं खोटं,
मूळ फ्रेंच आहे.
असेल.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणून
मीही शब्द दाबून पाहिला.
नुसता श्वास अडकला, माझाच.

प्लेटो डेप्टफर्डला म्हातारा होऊन मेला.
गोदीत पहारेकरी होता, दारू नाही, कर्ज नाही.
नाकासमोर चालणारा माणूस,
शेजारी म्हणाले.