डफळापूरच्या पुढे

दऱ्याप्पानं स्वतःच उचलून ठेवला त्याला मागच्या सीटवर,
खाली अंथरलं घोंगडीचं एक फाटकं टोक.
म्हणाला, धुऊ नगासा इतक्यात. वास ऱ्हाऊंदे.
सकाळधरनं पोटात काय न्हाई, पाणी तेवढं पाजा वाटंत.
आणि काच चारच बोटं खाली.
ससा दिसला तर थांबायचं न्हाई ते.

मग रिकाम्या वाघरीकडं तोंड करून उभा राहिला.
बकरी गेली मागच्या बाजारात.
सोमवारी तोही जाणार, इचलकरंजीला, लेकाच्या खोलीत.
घरमालकीण कुत्रं नको म्हणते.

श्रीपाल काटा चाळीसच्या वर जाऊ देत नव्हता,
खड्डा लांबून ओळखायचा,
जसं काही डिकीत अंडी भरलीत.
मी मागे. त्याच्या छातीचा पट्टा सीटबेल्टात अडकवलेला,
तरी दोरीचे दोन वेढे माझ्या मनगटाला.

पाखऱ्या. सात वर्षं कळपाच्या अंगानं धावलेला.
झाडं जागेवर असायची, पळायचा तो.
आज तो बसलाय
आणि बाभळी पळतायत, पवनचक्क्या पळतायत,
बेदाण्याच्या शेडा पळतायत एकामागं एक,
आणि वळवायला कुणी नाही.
मान इकडून तिकडे, इकडून तिकडे,
शेवटी डोळेच मिटून घेतले त्यानं.

डफळापूरच्या पुढे ओकला.
पिवळं, नुसतं पाणी, माझ्या ओढणीवर.
श्रीपालनं गाडी कडेला घेतली, बंद केली,
जुना पेपर मागे सरकवला.
दार उघडायच्या आधी पट्टा बघ, म्हणाला.
बघितला.
फासळ्यांवर हात ठेवला तर बोटांखाली धडधड.
मला वाटलं, इंजिन.
पण गाडी बंद होती.

विश्रामबागेत शिरलो तेव्हा दिवे लागलेले.
फाटक आधी लावून घेतलं, मग दार उघडलं.
नवी वाटी, नवी गादी,
कठड्यावर चढून बघणारी शेजारची पोरं.
तो उतरला नाही.
ओढायचं नाही, हे आमचं सकाळीच ठरलेलं.
पोरांना श्रीपालनं उद्या या म्हणून घालवलं
आणि आत जाऊन बाजरीचं पीठ शोधू लागला;
आमच्याकडे बाजरी संक्रांतीपुरतीच.

मी तिथंच, पाय बाहेर सोडून,
घोंगडीच्या वासात:
लोकर, धूर, न पाहिलेल्या माळांची माती.

साडेआठच्या सुमाराला
त्यानं एक पंजा खाली फरशीवर टेकवला.
गार लागली असावी.
परत वर घेतला.

बरं, म्हटलं.
बसू.