यांखोचं पाचवं वर्ष

न्दिरांडेच्या चढावर, पाण्याच्या टपरीमागे
चौथं दार एनेलेसीचं.
दरवर्षी मी येते, आंबे संपता संपता,
पाठीवर निळा डबा, आत बर्फाच्या चार लाद्या,
आणि पोरं ओरडत पळतात:
रक्तवाली आली, रक्तवाली!
मोठी माणसं पहिल्या वर्षी हेच कुजबुजून म्हणायची.

लागतं खरं तर चमचाभर.
पोरांच्या हिशेबात ती बादली असते.

एनेलेसी वही आणते,
साखरेच्या पिशवीत गुंडाळलेली, वर रबर.
जन्म, वजन, गोवर, हिवताप, पुन्हा हिवताप,
आणि टायफॉईडच्या लशीचं पान
वाळवीनं खाल्लेलं.
तारखेतला एक सात उरलाय.
सात तारीख की सातवा महिना, कोण सांगणार.
"तुझ्या रजिस्टरात असेल ना?"
आहे. माझ्याच अक्षरात.
त्या दिवशी पेन गळत होतं, तेही आहे.

मग ती विचारते, जे दरवर्षी विचारते,
पातेलं घासता घासता, माझ्याकडे न बघता:
"अजून किती वर्षं पुरेल?"

पिठाच्या पोत्याबद्दल विचारावं तसं.

मी सांगते, चार मोजून झाली.
चार वर्षं पुरली. पुष्कळांना. सगळ्यांना नाही.
पाचवं मोजतोय.
"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही."
म्हणजे आम्हालाही माहीत नाही, एनेलेसी,
तुझ्याच पोराच्या दंडातून वाचतोय आम्ही,
वर्षाला एक ओळ.

ती हसत नाही. थोरल्याला हाक मारते.
लामेक येतो, सदरा वर करतो
कुणी न सांगता, सवयीनं.
बेंबीपासून वर चढलेला व्रण,
गोणी शिवावी तसे टाके.
तेव्हा लस नव्हती इथे.
हिवतापच असेल म्हणून तीन आठवडे अंगावर काढलं,
मग आतडं फाटलं,
मग मोठ्या इस्पितळाच्या फरशीवर अकरा रात्री.
"हे बघ," ती म्हणते, "हे जन्मभर पुरेल.
तुझ्या सुईची खूण दोन दिवसांत गेली."

मी डब्याचं झाकण उघडलं.
पुन्हा लावलं.

टपरीला आज कुलूप आहे.
बायका रंगीत बादल्या घेऊन ओढ्याकडे उतरतायत,
जिथे वरच्या आळीचे संडास झिरपतात
आणि खालच्या आळीची भांडी धुतली जातात.
हा आजार आम्हाला पाण्यात पाहतो,
आणि आम्ही त्याच पाण्यात वाकून
आपापली तोंडं पाहतो.
लशीला नळ दुरुस्त करता येत नाही.
हे मला कुठल्या रकान्यात लिहायचं
ते फॉर्मवर नाही.

यांखो स्वतःहून हात पुढे करतो.
नऊ महिन्यांचा असताना माझ्यावर मुतला होता,
आता सहाला टेकलाय, पुढचे दात पडलेले.
यांखो म्हणजे आमच्या भाषेत उत्तर.
नाव आजोबांनी ठेवलं, कुठल्या प्रश्नाचं ते न सांगताच गेले.

नळी भरते तसा तो मोजतो,
डोळे गच्च मिटून, मोठ्यांदा:
मोझी, अविरी, अताटू, अनायी, असानू.
पाच.
पाचाच्या पुढे आमच्याकडे नवा शब्दच नाही.
डोळे उघडून तो माझ्याकडे बघतो.
पाच आणि एक, मी म्हणते.
पाच आणि एक, तो म्हणतो, शहाण्यासारखा,
आणि कापसाच्या बोळ्यावर बोट दाबून धरतो
गरजेपेक्षा कितीतरी वेळ.

नळीवर नंबर चिकटवला. नाव लिहायचं नसतं.
एनेलेसीनं पिशवीला रबर लावलं, दोनदा पीळ देऊन,
आणि वही या वेळी पेटीत न ठेवता
छपराच्या वाशाला टांगली.

पाचवं दार बंद.
शेजारीण म्हणाली, ते गेले ना, ख्रिसमसच्या आधीच,
लिलाँग्वेला की अजून कुठे.
त्या घरात एक मुलगी होती, कानात डूल घालणारी,
लस टोचताना न रडलेली एकटीच.
मी लिहिलं: पत्ता लागत नाही.
तिच्या रक्तात काय उरलंय, उरलंय की नाही,
ते तिच्याबरोबर कुठल्यातरी बसमध्ये चढून गेलं.

बर्फ वितळायला दोन तास आहेत.
सहावं दार चढावर आहे.