नावं ठेवणारे

सोफियात, वर्गात, सत्तेच्या चार व्याख्या
मी वहीत उतरवून घेतल्या, खाली रेघ मारली,
आणि सुट्टीत कर्जालीची बस पकडली.
पुढे डोंगर चढून आईकडे.

आई तंबाखूची पानं सुईत ओवत होती.
म्हणाली, त्या जानेवारीत सरकार आपल्या गावात
नावं ठेवायला आलं. खरोखरची नावं.
कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, बर्फ कमरेएवढं.
एक टेबल, टेबलावर बल्गेरियन नावांची यादी,
आणि टाइपरायटरमागे कोण, तर त्स्वेताना,
जिच्याकडून आम्ही अंडी उसनी आणायचो.

"बोटांवर फुंकर मारायची, मग एक कळ दाबायची.
मान खाली घालून मला म्हणाली, सेव्दा,
'स'मधलंच घे, सही फार बदलायची नाही."

तर आई सेव्दालिना झाली. बाबा रेमझीचे रुमेन.
मी दोन वर्षांची, नेव्हिनची नेव्हेना;
मला म्हणे त्या खोलीतच झोप लागली होती.
आजोबा वारलेले, तरी सुटले नाहीत:
थडग्यावरच्या अक्षरांवर सिमेंट फासलं.
शेळीला तेवढं कुणी विचारलं नाही.
घरात ती एकटीच
जुन्या नावाला ओ देत राहिली.

पुढे राज्य बदललं. त्याच टेबलावर
अर्ज भरून नावं परत मिळाली.
शिक्का मारायला पुन्हा त्स्वेतानाच.

"राग नाही आला तिचा?"
आईने दोरा दातांनी तोडला.
"तिची सहा अंडी द्यायची राहिलीत अजून."

मग बऱ्याच वेळाने, पानांकडे बघत:
"परवा औषधाच्या दुकानात कुणी हाक मारली, सेव्दालिना!
दुसऱ्याच कुणा बाईला. पण माझी मान वळली.
मी ठरवायच्या आत वळली गं."

वहीत चौथ्या व्याख्येखाली जागा होती.
मी सुई घेतली, ओवत बसले,
बोटं चिकट, काळी झाली.

निघताना ती पाठमोरी, चुलीशी.
वाटलं, एकदा त्या नावाने हाक मारून बघावी.
अभ्यास म्हणून.
"से..." एवढंच तोंडातून निघालं.

ती वळली.
कुठल्या नावाला, ते मी विचारलं नाही.